रेवतीकडे गेलेली वाटी

६ जानेवारी, मंगळवार
फ्रिज आवरला. दिवाळीत नात आली होती तेव्हाच्या खोकल्याच्या दोन वेगवेगळ्या औषधांच्या बाटल्या, दोन्ही अर्ध्या उरलेल्या. एकीत ओतलं, दुसरी कबाडीवाल्याला! हे म्हणाले, औषध म्हणजे काय लोणचं आहे, एकत्र करायला? निवृत्त झाल्यापासून ह्यांना सूचना द्यायला मीच उरलेय.

८ जानेवारी
खालची रेवती आली. मधुराचा खोकला थांबत नाही, नवरा मंडीदीपच्या कारखान्यात ड्यूटीवर. चार वर्षांची पोर, किती खोकणार! वाटीत औषध ओतून दिलं. आधी वास घेतला — त्या गॅसच्या रात्रीपासून या गावात आम्ही सगळ्याचाच घेतो. काही नाही. चव गोड.

९ जानेवारी
वाटी आली, दोन तिळाच्या वड्या घालून. रेवती रिकामं भांडं कधी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतेच. गुणाची पोरगी. पुन्हा थोडं औषध ओतून दिलं.

१२ जानेवारी, सोमवार
पेपरात आलंय — मुलांच्या खोकल्याच्या एका औषधात विषारी रसायन. किडन्या निकामी होतात. नाव वाचलं. मी कबाडीत दिली तीच बाटली! तिच्यातलं औषध मात्र ह्या बाटलीत ओतलेलं, आणि तेच मधुराला दिलेलं.

खाली धावले. कुलूप. समोरच्या शर्माबाई म्हणाल्या, "बच्ची को भरती किया है। कल से पेशाब नहीं हुआ।"

हे म्हणतात, गप्प राहा. वाटीतल्या औषधाला नाव कुठे होतं?
नव्हतं, म्हणूनच डॉक्टरांना कळणार नाही.

१३ जानेवारी
जिभेवरची ती गोडी जात नाही. सकाळीच बाटली घेऊन इस्पितळात गेले. रेवतीसमोरच सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्ही भलतंच शोधत होतो." लगेच डायलिसिस सुरू केलं.
रेवती पाठ फिरवून मधुराच्या खाटेकडे गेली. काहीतरी बोलायला हवं होतं तिने.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ केला नाही.

१७ जानेवारी
मधुराला लघवी झाली! शर्माबाईंनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. देवापुढे बसून खूप रडले.

२७ जानेवारी
मधुरा घरी आली. जिन्यात तिचा आवाज ऐकला.
संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर वाटी. घासूनपुसून लख्ख. रिकामी.