मला न विचारलेला अर्थ

आई, परवा लातूरला एका लग्नात ती भेटली. तुझी लाडकी विद्यार्थिनी. पन्नाशी ओलांडली तरी हसणं तसंच आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या तोंडी अजून 'बाई, बाई'च. पंगतीत शेजारी बसून तिनं तुझं कौतुक सुरू केलं आणि मी ताटातली बुंदी नुसती चिवडत बसले. म्हणाली, "तुझं बरं होतं, घरातच मास्तरीण." मी हसले. आतून जळत होते, हे आज तुला सांगते. जिवंतपणी सांगितलं असतं तर तू मलाच झापलं असतंस.

ते वर्ष तुला आठवत असेल. लातूर नवा जिल्हा झाला होता, पेंटरनं आपल्या उदगीरच्या शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिलं होतं, आणि पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला असं तू म्हणायचीस. विहिरी आटलेल्या, गल्लीत टँकर यायचा. मी नववीत, तुझ्याच वर्गात. घरी आई, शाळेत बाई. कवितेतल्या अवघड शब्दाचा अर्थ तू कधी सांगायची नाहीस. फळ्यावर ओळी लिहून त्या शब्दावर तळहात ठेवायचीस आणि म्हणायचीस, शब्दाला एकटं धरू नका, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. कुणी अर्थ सांगितला की तो बरोबर की चूक ते राहू दे, आधी तुझा प्रश्न ठरलेला, "कशावरून?" 'निदाघ' हा शब्द आला त्या दिवशी ती उभी राहिली. तिची आई दाळमिलमध्ये कामाला, त्यामुळे घरचं पाणी भरून ती नेहमी उशिरा यायची. म्हणाली, कडक उन्हाळा. कशावरून? तर पाखरं चोच उघडी टाकून बसलीत, सावली झाडाच्या बुडाशी गोळा झालीय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुझा चेहरा असा काही उजळला की मला तिथे बसवेना. संध्याकाळी भाकरी थापताना पुन्हा तेच. "लई बारीक नजर हाय त्या पोरीची," म्हणालीस. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं संपत नव्हतं.

मला तू वर्गात विचारायचीस कधी? कधीच नाही. उद्या शिकवायची कविता तू आदल्या दिवशी स्टोपुढे बसून मोठ्यानं म्हणायचीस, अर्थासकट, आणि मी तिथेच कांदा चिरत असायचे. हिला सगळं आयतं ठाऊक, हिला विचारणं म्हणजे बाकीच्या मुलींवर अन्याय, असा तुझा न्याय. बाईंची मुलगी म्हणून मला अर्धा गुण जास्त मिळू नये याची केवढी काळजी तुला. मला गुण नकोच होते गं. तो चेहरा हवा होता, एकदा तरी, माझ्याकडे बघून.

म्हणून पुढच्या कवितेच्या आदल्या संध्याकाळी मी घागर उचलून टँकरच्या रांगेत गेले. "आज पाण्याचा लई पुळका आलाय," असं म्हणून तू वर खूशही झालीस. तुझी कविता संपेपर्यंत मला घरात पाऊल टाकायचं नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'पांथस्थ'. मी तो शब्द खरंच कधी ऐकलेला नव्हता. तुझा हात त्याच्यावर आहे आणि मी शेजाऱ्यांना विचारतेय. तो झाडाखाली येतो, खांद्यावरचं ओझं उतरवतो, घाम पुसतो, घोटभर पाणी मागतो. मला तो एकदम दिसला. मी हात वर केला, इतका की बाकावरून उठलेच. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणालीस, "तू बस, तुला माहीत आहे," आणि तिला उठवलंस. ती बोलली, तू उजळलीस. घरी येऊन मी जेवले नाही, तर पोट दुखत असेल म्हणून तू मला ओवा दिलास.

मला माहीत नव्हतं, आई. हे तुला सांगायचं सांगायचं म्हणून राहून गेलं. तू गेलीस त्या दिवशी ती माझ्याहून मोठ्यानं रडली, त्याचाही मला राग आला होता. परवा तर तिच्या ताटातली बुंदीसुद्धा मला जास्त वाटली, आता बोल. हे पत्र टाकायचं तरी कुठे, राहू दे इथेच. पण एक गोष्ट आहे, जी मी तिलाही कळू दिली नाही. त्या दिवशी मी 'हमाल' म्हणणार होते. आपल्या धान्याच्या मोंढ्यात रोज दिसायचा तसा, पोतं उतरवून पाणी मागणारा. खालच्या कडव्यात तो पुढचं गाव किती लांब आहे ते विचारतो, तिथवर मी वाचलंच नव्हतं. तिनं वाचलं होतं, म्हणून तिला वाटसरू सापडला. म्हणजे विचारलं असतंस तरी तुझा चेहरा उजळला नसताच. सगळा वर्ग मला हसला असता, आणि तू सगळ्यांसमोर मला खालचं कडवं वाचायला लावलं असतंस. तुझ्यापुढे तसं चुकायला मिळालं असतं, तरी मला चाललं असतं.