पैलवान मेलेला नाही

चहा नंतर घे. आधी काचेच्या पेटीतून तुझा तो नवा खेकडा उचल आणि ओल्या वाळूच्या बादलीत ठेव. मी दोनदा प्रयत्न केला, त्याने बोट धरलं. आता मला ड्युटीला उशीर झालाय.

आपला पहिला खेकडा, पैलवान, जिवंत आहे. पेटीच्या तळाशी काचेला टेकलेला त्याचा पाय सकाळी हलताना मी पाहिला. कात टाकायला तो दोन-दोन महिने वाळूखाली राहतो, हे दुकानदाराने तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान डोलावलीस, आणि महिनाभरातच त्याला मेला समजून तसाच दुसरा गुपचूप आणून सोडलास. तो आता नेमका तिथेच उकरतोय. कात टाकलेलं अंग मऊ असतं, सापडला तर हा त्याला खाऊन टाकेल. तू मात्र वाळूत हात घालू नकोस.

आणि छोटीला काही समजवायला जाऊ नकोस. पैलवानाची एक मिशी तुटकी आहे, याच्या दोन्ही धड; हा तो नव्हे, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, बाबांना वाईट वाटलं असतं.

सात वर्षांची आहे ती. तुला बरं वाटावं म्हणून महिनाभर त्या परक्या खेकड्याला पैलवान म्हणून हाक मारत होती.