नव्वद व्होल्टचे बांबू

३ नोव्हेंबर १९५८
माही बहीण शीला रविवारी सकाळी नागपूर आकाशवाणीवर गाणार! आणि आमच्या रेडिओची बॅटरी आजच बसली. कारखान्याच्या क्वार्टरात अजून वीज नाही. शीलानं गाण्यापायी घर सोडलं, तेव्हापासून बाबा तिचं नावही काढत नाहीत. माही बायको सिंधू बाबांले मामाजी म्हणते. ती म्हणे, "मामाजींनी एकदा ऐकलं ना, राग जाईल." जाईलच! रेडिओ चाललाच पायजे.

५ नोव्हेंबर
सुपेल्याच्या बाजारातून लॉरीची बॅटरी मागून आणली. सायकलवर — कंबर मोडली! एवढी मोठी म्हणजे जोरही तेवढाच, असं वाटलं. लावली. रेडिओ मुका. सिंधू हसून हसून बेजार. बायको आहे का वैरीण!

६ नोव्हेंबर
रेडिओ दुरुस्तीवाला हिरालाल कपाळाले हात लावून बसला. "नव्वद व्होल्टच्या जागी सहा? अरे, व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. करंट म्हणजे नळाची धार. कपॅसिटी म्हणजे टाकीत पाणी किती. तुही टाकी तळ्याएवढी, पण जमिनीवर!"
नव्वदचा पॅक रायपूरहून यायचा, रविवारनंतर. मंग टॉर्चचे सेल?
"दीड-दीड व्होल्टचे साठ, एकापुढे एक जोड. तिथं करंट थोडासाच लागते. पण वाल्व तापवाले एक सेल वेगळा ठेव. तिथं नव्वद गेले तं वाल्व जळले समज!"

८ नोव्हेंबर
रात्रपाळीवाल्या कामगारांच्या कॅम्पात टॉर्चले काय तोटा! शेजारचा भैयालाल सेल देता देता म्हणे, "हमको भी सुनाना, केवलराम!" बांबू चिरून त्यात सेल ओळीनं बसवले. बाबा लांबूनच पाहून राहिले.

९ नोव्हेंबर
चालला!!
तारांशी झटता झटता गाणारीचं नाव सांगितलेलं हुकलं, पण गाणं पूर्ण ऐकलं. काय आवाज! अंगणभर लोक. सिंधू रडली, मीही रडलो — लाज कायची? बाबा रेडिओले कान लावून बसले. मंग उठले, पिशवी भरली. "नागपूरची गाडी कितीले आहे?"
जिंकलो!

१२ नोव्हेंबर
बाबा शीलाले घेऊन आले. मी म्हटलं, काय गायलीस तू! ती खो खो हसली. "दादा, माहा तं घसा बसला होता. माह्या जागी दुसरीच गायली."
बाबांकडे पाहिलं.
"मले माहीत होतं," चहा फुंकत म्हणाले. "तिचा आवाज नव्हता, म्हणूनच तं गेलो. पोरीले काही झालं का काय, म्हटलं."