हार्मच्या गळाचा तंगूस

७ ऑक्टोबर

आज पण गेला! हार्मचा मासा. नदीच्या वळणापलीकडून काठी खांद्यावर टाकून रमतगमत आला, दोरीचं टोक फक्त माझ्यासमोर धरलं. टोकाला काही नाही. ना पिसांची नकली माशी, ना तिच्यातला गळ. गाठ मी बांधलेली, तंगूस, म्हणजे गळाची ती बारीक दोरी, मी निवडलेला – आणि ते सगळं तोंडात घेऊन मासा पसार.

डोकं फिरलंय. या महिनाअखेरीस त्याची मुलगी टिनेका त्याला न्यायला येतेय. घर विकलं गेलंय. एडमंटनला तिच्या घरी त्याची खोली तयार आहे. तिथे स्टीलहेड नाहीत. हे मासे समुद्रातून इथवर चढून येतात, डोंगर ओलांडून पलीकडे नाही जात. म्हणजे हार्मचा हा शेवटचा हंगाम.

तो जायच्या आत एक तरी मासा त्याच्या हातात द्यायचा असं मी ठरवलंय. त्याला बोलूनही दाखवलं. मूर्ख मी.

८ ऑक्टोबर

सगळं त्या लीडरवर. जाड दोरी आणि माशी यांच्यामधला तो तंगुसाचा बारीक तुकडा, माझ्या उंचीएवढा सुद्धा नाही. तो जाड घेतला तर माशाला दिसतो, बारीक घेतला तर तुटतो. एवढ्याशा गोष्टीवर माणसं आयुष्यभर भांडतात!

हार्मची बोटं आता ऐकत नाहीत. सुपाचा चमचा तोंडाशी येईतो अर्धा रिकामा होतो. म्हणून गाठी माझ्याकडे. ऑगस्टमध्ये झाडं लावायचं काम संपलं तेव्हा दोन दिवस टेकायला म्हणून त्याच्या शेडमध्ये आले होते. लाकडं फोडायची, जेवायचं. अजून इथेच. एवढी मी कुठे टिकत नाही. आईकडेही टिकले नाही.

अंगणातला कावळा माझा एक मोजा घेऊन गेला. दुसऱ्याचं आता काय करू?

११ ऑक्टोबर

इथून, टेल्क्वाहून, शेजारच्या स्मिदर्स गावापर्यंत हात दाखवत लोकांच्या गाड्यांतून गेले. गळाच्या दुकानातल्या रोवीनाला तुटलेलं टोक दाखवलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. म्हणाली, नायलॉनचा तंगूस तुटतो तेव्हा आधी ताणतो, टोकाला पीळ पडतो. “हा तर कात्रीने कापल्यासारखा सरळ आहे गं. कुठे गळ टाकतो तुझा म्हातारा?” वळणापलीकडे म्हटलं. तिथे फुटक्या खडकांची धार आहे म्हणे, त्यावर घासून कापला जात असेल.

म्हणजे खडक! मग उपाय सोपा. तिने फ्लोरोकार्बन नावाच्या तंगुसाची रीळ दिली. खडकावर घासलं तरी टिकतं, पाण्यात दिसत नाही. पण ताठ असतं, गाठ थुंकीने ओली करून ओढली नाही तर ओढतानाच जळतं.

हार्मने ते दिव्यासमोर धरून बघितलं. “ही काच आहे. काचेने मासे धरायचे?” त्याचा हिरवा तंगूस त्याने चाळीस वर्षं वापरला, तो ताणतो, माशाच्या झटक्याला नमतं घेतो, वगैरे. मी म्हटलं, नमतं घेतो म्हणूनच तुमच्याकडे मासा नाही. बराच वेळ हसला. मग ठसका लागला.

१२ ऑक्टोबर, रविवार

रविवारी मासेमारी नाही. गाठसुद्धा बांधायची नाही, तेही कामच म्हणे. हार्मसारखे हे डच लोक चर्चला दोनदा जातात – दोनदा! मी दुसऱ्या वेळी गेले, थंडी होती म्हणून. प्रवचन सुरू झालं की अख्ख्या रांगेत पेपरमिंटचा डबा फिरतो. हार्मने खिशातून डबा काढला तर सोबत पक्कड खाली पडली. देवळात पक्कड कशाला हो, विचारलं. म्हणाला, गप्प बस.

फुकट गेलेला दिवस. बाहेर पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातले गोटे दिसत होते.

१४ ऑक्टोबर

फ्लोरोकार्बनही गेलं. तसंच. सरळ कापलेलं.

म्हटलं मी तुमच्याबरोबर वळणापलीकडे येते, खडक कुठला ते बघते. नाही म्हणाला. “तू पाण्यात गाईसारखी चालतेस पोरी. मासे समुद्रात परत जातील.”

१६ ऑक्टोबर

हे कसं लिहू?

मला मासा लागला. मला! वळणाच्या अलीकडे उभी होते, लक्षही नव्हतं, डोंगरावरचं बर्फ कुठवर उतरलंय ते बघत होते. एकदम काठी वाकली. मग काय झालं ते नीट आठवत नाही. पाण्यात मांडीपर्यंत होते, ओरडत होते, काठीवरची रीळ किंचाळत होती. माझ्या हाताएवढा लांब, अंगावर गुलाबी पट्टा. तेच फ्लोरोकार्बन, त्याच रिळातलं, तीच गाठ. तसल्याच दगडांवरून फरफटलं आणि टिकलं!

हार्म आवाज ऐकून आला. काठावर थांबला, जवळ आला नाही. मी माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, तो श्वास घेत होता, मग शेपटी हलली आणि माझ्या हातातून गेला. इथे ठेवून घ्यायचे नसतातच, सगळे सोडायचे.

“हात आधी ओले केले होतेस ना?” एवढंच विचारलं त्याने. कोरड्या हाताने माशाची कातडी निघते. केले होते म्हटलं. त्याने टोपी काढली, परत घातली.

आनंद व्हायला हवा होता. पण इतका राग आलाय! माझ्यासारखीला टिकतं आणि त्याला टिकत नाही? मग त्याच्या गाठीच मी वाईट बांधते का? त्याच्यासाठी बांधताना हात बिघडतो माझा?

१९ ऑक्टोबर, रविवार

पेपरमिंट. दोनदा.

२१ ऑक्टोबर

वीस पौंडांचा ताण पेलणारं घेतलं. रोवीना म्हणाली, याने गाय ओढता येईल. प्रत्येक गाठ ओली केली, दाराच्या कडीला अडकवून दोन्ही हातांनी ओढून पाहिली. कडी हलली, गाठ नाही.

गेला! सरळ टोक!

आज माझं तोंड सुटलं. म्हटलं, तुम्ही ओढता तरी कसे? काठी कशी धरता? एकदा मला बघू द्या! त्याने ओल्या कोटाची बटणं सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच खुर्चीत बसला. म्हणाला, “ओढ लागली होती. खांद्यापर्यंत आली. मला तेवढं पुरतं.”

पुरतं? मला नाही पुरत! मी रीळ भिंतीवर मारली. ती घरंगळत चुलीखाली गेली. त्याने वाकून काढायचा प्रयत्न केला ते मला बघवलं नाही, म्हणून मीच काढली.

२३ ऑक्टोबर

सकाळी पिशवी भरली. प्रिन्स रूपर्टला जाईन, तिथून बोट. मासे, म्हातारे, तंगूस – सगळं खड्ड्यात जाऊ दे.

निरोप घ्यायला गेले तर तो टेबलाशी बसलेला. समोर हिरव्या तंगुसाची रीळ, दोन माशा, माझ्यासाठी वाटाण्याचं सूप, त्यावर ताट झाकलेलं. म्हणाला, “काच झाली, गाय ओढायची दोरी झाली. आता माझा तंगूस बांधून बघ. मग जा कुठे जायचं ते.”

सूप प्यायले. गाठी बांधल्या. पिशवी अजून भरलेलीच आहे.

२४ ऑक्टोबर

हिरवाही गेला. तो मात्र शिट्टी वाजवत आला – शिट्टी!

२६ ऑक्टोबर, रविवार

टिनेका आली. मोठी, कामसू बाई, आल्याआल्या खोकी भरायला लागली. वडील चर्चला गेल्यावर मी तिची माफी मागितली. सांगितलं, तुमच्या बाबांना एक मासा मिळवून द्यायचा होता, माझ्याने झालं नाही. लीडरच चुकीचा निवडते मी, प्रत्येक वेळी.

ती खोक्यावरच बसली. म्हणाली, मागच्या वर्षी त्याने एक धरला होता. मोठी मादी, अंड्यांनी भरलेली. गळ काढताना हात थरथरायला लागले, बोटं मिटेनात. किती वेळ लागला कोण जाणे. सोडली तर ती उलटी होऊन वाहत गेली. “मी तेव्हा इथेच आले होते, शोधत गेले तर तिथेच बसला होता काठावर. म्हणाला, आता पुरे, या हातांनी आणखी मारायचे नाहीत. म्हणून तर मी म्हटलं, चला माझ्याकडे. आणि या वर्षी तू फोनवर सांगतेस की बाबा रोज नदीवर! मला कळेचना.”

मलाही कळत नाही. मग जातो कशाला?

२७ ऑक्टोबर

गेला. गाडीत बसताना माझ्या हातात पेपरमिंटचा डबा कोंबला, काच वर केली, आणि समोर बघत राहिला. मी हातही हलवला नाही. फार राग आला होता, कोणाचा ते माहीत नाही.

हिरवी रीळ टेबलावर ठेवून गेलाय.

२८ ऑक्टोबर

डबा उघडला. पेपरमिंट नाहीत. मी बांधलेल्या पिसांच्या माशा आहेत. नदीत गेल्या म्हणून मी चिडचिड केली त्या सगळ्या. प्रत्येकीच्या गळाचं टोक पकडीने मोडलेलं, माशाला टोचणारच नाही असं. प्रत्येकीला माझ्या तंगुसाचा बोटभर तुकडा, साधा नायलॉनचा, काचेचा, गाय ओढायचा, हिरवा, पलीकडे सरळ कापलेला.

गाठी ओढून पाहिल्या. एकही सुटत नाही.