घसरणारं रीळ

बाबा, काल मी शिंगाळा मासा धरायला गळाच्या काठीचं रीळ निवडलं. माझ्यासाठी नाही, जावयासाठी. त्याला हल्ली रविवारी नदीवर जायचं वेड लागलंय, आणि तुम्ही गळ टाकायचात एवढ्या भांडवलावर तो मला बदलापुरातल्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार सांगत होता, यात इतके बेअरिंग, त्यात तितके, हे वजनाला हलकं, याचा रंग उडत नाही. मी त्याला बोलू दिलं आणि समोर मांडलेल्या एकेका रिळाचा दोरा बोटाला गुंडाळून ओढून पाहिला. जे अडत, झटके देत सुटत होतं ते बाजूला सारलं. जे एकसारखं घसरत राहिलं ते घ्यायला लावलं. "आई, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात," जावई म्हणाला. मी हसून वेळ मारून नेली. ही अक्कल मला कशी आली ते त्याला सांगायला तोंड होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तेव्हा आपण कात्रपला राहायचो आणि मी चोवीस वर्षांची होते. तुम्ही अंबरनाथच्या एका लहानशा कारखान्यात टर्नर, लेथ यंत्रावर लोखंडी पार्ट कातणारे. त्याआधी मला आयटीआयला टर्नरच्याच ट्रेडला घातलंत तेव्हा नातेवाइकांनी तोंडाला पदर लावला होता. "पोरीला लेथवर उभी करणार का?" असं आत्याने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "राहील की उभी. पाय आहेत तिला." वर्गात मी एकटी मुलगी. तिथे जे शिकवलं नाही ते तुम्ही घरी पाटावर खडूने काढून शिकवलंत. पुढे मला दुसऱ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला नोकरी लागली. दिवसभर तयार पार्टांची मापं तपासायची, बरे असतील ते पास, नसतील ते रिजेक्ट. त्या नोकरीची मला थोडी घमेंडही होती.

आणि मग पत्रा कापायच्या प्रेसवर तुमच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली. जखम भरली, पण तुम्ही खाटेवरून उठेनात. कारखान्याने स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही आज देतो उद्या देतो करत होता. नदीवर जाणं तर बंदच. शिंगाळा म्हणजे तळाशी पडून राहणारा, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. गळाला लागला की थेट दगडांच्या कपारीत घुसायला बघतो. तुम्ही त्याला नुसत्या हातातल्या दोऱ्याने ओढायचात, आणि त्याला दोन धड हात लागतात. मला वाटलं, रीळ असेल तर काठी काखेत धरून डाव्या हाताने फिरवता येईल. तुम्ही नको नको म्हणालात, पण चपला घातल्यात.

उल्हासनगरच्या बाजारातलं ते सिंधी शेठचं दुकान मला अजून दिसतं. शेठ एक लहान, चकचकीत रीळ माझ्यापुढे नाचवतोय. "देखो बहनजी, मक्खन चलता है!" तुम्ही मान हलवता. "शेठ, ये छोटी मच्छी का है. शिंगाळ्याला जाड दोरा लागतो, आणि तो भरपूर मावला पाहिजे." मग तुम्ही मागच्या फळीवरचं एक ओरखडे पडलेलं, जड, धातूचं रीळ मागून घेता, मूठ डावीकडे बसते का बघता, आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात देऊन म्हणता, "जा, दारापर्यंत चाल." मी चालते. रीळ कर्रकर्र करत दोरा सोडत राहतं. "हेच," तुम्ही म्हणता. अपघातानंतरच्या चार महिन्यांत तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी हवं म्हणाला होता.

मला मात्र ते घसरणं खटकलं. आमच्या खात्यात घसरणारी वस्तू म्हणजे रिजेक्ट. वाटलं, बाबांचं आता कामावरचं लक्षच उडालं, मिळेल ते घेतायत. विचारायची सोय नव्हती. त्या दिवसांत साधं चहा हवा का विचारलं तरी तुम्ही अंगावर यायचात. म्हणून तेलपाणी करते सांगून मी रीळ कारखान्यात नेलं. उघडलं तर आत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ चकत्या. त्या काढून पिशवीत ठेवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची चकती काढून बसवली, घट्ट. आता कोणी कितीही ओढो, ते हलणार नव्हतं. मी खूश झाले. माझ्या हातून आलेली वस्तू तुम्ही कधी तपासून घेतली नाहीत, तशी हीही घेतली नाहीत.

रविवारी सकाळी उल्हास नदीच्या डोहावर शिंगाळा लागला. मोठा होता. काठी वाकली, रिळाने बोटभरही दोरा दिला नाही, काठी तुमच्या काखेतून हिसकली गेली आणि दोरा फट्‌कन तुटला. तुम्ही पाण्याकडे पाहिलं नाहीत, रिळाकडे पाहिलं नाहीत. हाताकडे पाहिलंत. "संपलं," म्हणालात. घरी येऊन आईला सांगितलंत, "स्टोअरला नाही म्हणून कळवून टाक. या हाताने काही होत नाही." कारखान्याला उत्तर पुढच्या सोमवारी द्यायचं होतं. आई रडत होती. दोष हाताचा नाही, माझ्या चकतीचा आहे, हे मला डोहावरच कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य आठवडाभर गिळलं. सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या पोरीला स्वतःची चूक सांगवेना.

शनिवारी मी कामावरून आले, तर तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले. डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, उजवा अंगठा आणि करंगळी यांच्यात रीळ दाबून धरलेलं, आणि पितळेची चकती कागदावर. मी डबा दारातच खाली ठेवला.

"कुठल्या लेथवर काढलीस?"

"बाबा, मी आजच सांगणार होते."

"ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात. चकती उजेडात धरून फिरवलीत. "कडा छान मोडल्यास, कुठे धार नाही. काम चोख आहे. पण हातात घेतलेली वस्तू कशासाठी आहे ते आधी विचारायचं. अगं, घसरतं म्हणून तर घेतलं मी ते. तो ओढेल तेव्हा द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. दमायचं त्याने. अडवून धरलं तर तुटणारच." आणि मग तुम्ही हसलात, बाबा. पोट धरून. "इन्स्पेक्टरबाई, तुम्हीच बनवलं नि तुम्हीच पास केलंत होय!"

आई आतून विचारत आली, काय झालं. तुम्ही म्हणालात, "रीळ बिघडलं होतं. पोरगी बसलीय दुरुस्त करायला." नमद्याच्या चकत्या तुम्ही माझ्याकडून बसवून घेतल्यात आणि सोमवारी डबा घेऊन स्टोअरला गेलात. दिवाळीनंतर हाताएवढा लांब शिंगाळा आणलात तो त्याच रिळाने. पुढे मी माझ्या हाताखालच्या मुलींच्या कितीतरी चुका पकडल्या. त्यांना चारचौघांत कधी बोलले नाही. हे तुमचं देणं आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्या शनिवारी मी सांगणार नव्हते, बाबा. सोमवार उलटून गेला असता, तुम्ही नोकरी घालवून खाटेवर पडून राहिला असता, तरी मी सांगितलं नसतं.