तीन मीटरची पैज

४ डिसेंबर

पैज लागली! चिहारूचा फोन. "आई, शाळेच्या अंगणातल्या खांबावर बर्फ तीन मीटरच्या वर गेला, की तू गाशा गुंडाळून माझ्याकडे शहरात यायचं. कायमचं." म्हटलं, जा गं, लागली! लेकीपुढे मान तुकवायची म्हणजे काय!

खांबावरचा बर्फ मोजतो मोकिची, माझा शाळासोबती. वाडीत आता चूल पेटते ती दोनच घरांत, त्याच्या आणि माझ्या. चाळीस वर्षं बसथांब्याच्या फळ्यावर रोजचा आकडा खडूने लिहितोय.

२९ डिसेंबर

१ मी. १०. मोकिची लांबूनच ओरडला, "इसो, पडू दे अजून! डोंगरात बर्फ तेवढं खाचरात पाणी!" खाचर उरलंय त्याचं एकट्याचं. ऐट मात्र सगळ्या खोऱ्याची!

१७ जानेवारी

छपरावरचा बर्फ तिसऱ्यांदा उतरवला. कंबर कामातून गेली. गरम भात, मुळ्याचं लोणचं — झाले बरी.

३० जानेवारी

२ मी. ९०. मोकिचीला आज पैजेचं सांगितलं.

८ फेब्रुवारी

आठ दिवस सारखा पडतोय. खालच्या खिडक्या बुजल्या, भर दुपारी दिवा लावून बसते. आणि फळ्यावर अजून २ मी. ९०! चिहारूला म्हटलं, बघ, जिंकतेय. हिरमुसली. "मोकिचीकाका चुकत असतील." मोकिची? जन्मात कधी एक सेंटीमीटर खोटा लिहिला नाही त्याने.

११ फेब्रुवारी

राहवेना. सकाळीच शाळेकडे गेले. खांबाभोवती हा मोठा खड्डा आणि त्यात मोकिची, फावड्याने बर्फ उपसतोय! मला बघून फावडं पाठीमागे लपवलं — जसं काही दिसणारच नाही!

"हे रे काय?"

"खोटा आकडा लिहवत नाही मला."

"म्हणून रोज बर्फ उपसतोस?"

"रोज कुठे? पडतो तेव्हा."

"पडतो रोजच, मेल्या!"

मी पोट धरून हसले. तो नाही हसला. म्हणाला, "तू गेलीस तर फळा वाचणार कोण?"

घरी येईपर्यंत रडत होते.

१२ फेब्रुवारी

चिहारूला खरं सांगून टाकलं: बर्फ साडेतीन मीटर आहे, हरले. आणि येत नाही. मग कपाटातली बॅग काढून रिकामी केली. नोव्हेंबरपासून भरून ठेवली होती. एकटीने राहवत नव्हतं इथे, हरायचंच होतं मला. रोजनिशीबाई, हे तुलासुद्धा सांगितलं नव्हतं.