परीक्षा झाल्या की लोणारला

पिंपळगाव राजा,
ता. ५ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. मलकापुरी तुम्ही मंडळी खुशाल असालच. तुला आता सातवा लागेल. जड उचलू नकोस, पाण्याला जाऊ नकोस. हे माझं ज्ञान नव्हे, जनकाबाईंनी लिहायला सांगितलं.

पत्रास कारण की, तुझा बाप तीन दिवस सहलीला जाऊन आला. गेल्या वैशाखात, पन्नाशी उलटल्यावर, मी जनकाबाईंशी दुसरं लग्न केलं तेव्हा गाव हसलं नाही तेवढं आता हसलं. नवरा-बायको देवाला जातात, दवाखान्यात जातात, कोर्टातसुद्धा जातात. पण नुसतं हिंडायला जातात, हे पिंपळगावानं पहिल्यांदाच पाहिलं.

झालं असं. मी ओट्यावर चौथीच्या पोरांना जिजाऊंचं जन्मस्थान समजावत होतो. जनकाबाईंनी आतून विचारलं, की गुरुजी, तुम्ही हे सिंदखेड पाह्यलं काय कवा? म्हटलं, बावीस वर्षं शिकवून राह्यलो. त्या म्हणाल्या, शिकवलं ते झालं, पाह्यलं काय? मी मुकाट्यानं शनिवार-सोमवारची रजा टाकली.

खामगावहून मेहकर आणि तिथून लोणार, असे एस.टी.नं गेलो. दैत्यसूदनाच्या देवळात छतावरचं कोरीवकाम मान वर करून सांगता सांगता मी मागं मागं सरकलो आणि कोणा यात्रेकरू बाईंच्या शिदोरीवर जाऊन बसलो. भाकरी वाचली. ठेचा माझ्या धोतराला लागला. उरलेलं देऊळ मी भिंतीला पाठ लावूनच पाहिलं.

सकाळी सरोवरात उतरलो. अर्ध्या उतारावर नव्या चपलेचा अंगठा तुटला. खाली पोचल्यावर, पाणी किती खारं आहे ते सिद्ध करण्यासाठी मी ओंजळभर तोंडात घेतलं, आणि पुढं अर्धा तास मला बोलता आलं नाही. लग्न झाल्यापासून जनकाबाईंना एवढी शांतता प्रथमच लाभली असावी. चढताना चप्पल सुतळीनं त्यांनीच बांधून दिली, पिशवीही त्यांनीच घेतली. वर आल्यावर भेटेल त्याला मी सांगत होतो, की चढण काहीच नाही.

खरी फजिती सिंदखेडराजाला. तिथं एका भव्य इमारतीपुढं उभा राहून मी इतका रंगलो, की दहा-बारा माणसं जमली. याच वाड्यात जिजाऊंचं बाळपण गेलं, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. शेळ्या राखणारी तानाबाई नावाची एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली, की गुरुजी, सांगितलं लई चांगलं, पण ही लखुजीराजांची समाधी हाय, वाडा तर तुम्ही मागंच टाकून आले. सिंधू, बावीस वर्षं मी फळ्यावर वाडा म्हणून ज्याचं चित्र काढत आलो, ती समाधी निघाली! माझ्या हाताखालून गेलेल्या साऱ्या तालुक्याची समजूत आता कोण दुरुस्त करणार?

तू हसावंस म्हणून एवढं लिहिलं. मागची खोली सारवून घेतली आहे. कशासाठी, ते लिहिण्याएवढी जागा कागदावर उरली नाही. एक ओळ पाठवलीस तरी ती चार वेळा वाचणारा,

तुझा,
बाबा

मलकापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९६३

ती. रा. बाबांस सिंधूचे शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं. ठेच्यापाशी सासूबाईंना हसून ठसका लागला. मीही हसले. मग मागच्या अंगणात जाऊन बसले.

आईसुद्धा लोणारला जाऊ म्हणत असे. आपण म्हणायचात, परीक्षा झाल्या की जाऊ. मी लहान होते तेव्हापासून हे ऐकत आले. तिनं एकदा ट्रंकेतून नेसायचं लुगडंही काढून ठेवलं होतं. ते आठ दिवस खुंटीवर होतं, मग परत ट्रंकेत गेलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही वार्षिक परीक्षाच चालू होत्या. जनकाबाईंना मात्र आपण नऊ महिन्यांत लोणार दाखवलंत. दाखवू नये असं मी म्हणत नाही.

बाळंतपण इथंच करावं असं घाटत आहे. सासूबाईंची तब्येत बरी नसते, पण निभेल. मागच्या खोलीत आपण कडबा भरावा.

आपल्याला वाईट वाटेल हे ठाऊक असूनही लिहिलं, याची क्षमा असावी.

आपली,
सिंधू

पिंपळगाव राजा,
ता. १६ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं लिहिणं खरं आहे. परीक्षा दरवर्षी व्हायच्या आणि सुट्ट्याही दरवर्षी लागायच्या. सुट्टीत मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचो.

सरोवराच्या काठी अर्धा तास बोलता आलं नाही ते खाऱ्या पाण्यानं, असं तुला लिहिलं. पाण्याची चव चूळ भरल्यावर गेली होती. जनकाबाईंनी काय झालं विचारलं तेव्हा मी तुझ्या आईचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, मंग बसा जरासे, मी तिकडल्या देवळात जाऊन येते. आणि खरंच निघून गेल्या. मी बसलो. तुझ्या आईला काही सांगायचं सुचलं नाही. एवढं बोलणारा माणूस मी.

बाळंतपणाचं तुम्ही ठरवाल ते बरोबर. कोणत्या तोंडानं आग्रह करू? आज विनोद जमत नाही, म्हणून थांबतो. बापावर रागव, पण खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस.

बाबा

पिंपळगाव राजा,
ता. २० फेब्रुवारी १९६३

सिंधूबाईले जनकाबाईचा आशीर्वाद.

मी चौथी पास हावो, अक्षर पाहून हसजो. गुरुजीनं तुह्यं पत्र मले वाचून दाखवलं नाई, मी विचारलंबी नाई. तांदळाच्या डब्यामागं ठेवलं होतं. एवढे शिकलेले मानूस, पण सयपाकघरात बाईपासून कागद लपवते!

तुह्यं काही चुकलं नाई. तुह्या मायची जागा मले नाई पायजे. तिची जागा तिचीच हाय.

एक सांगतो. मले माय नोती, म्हून पयल्या लग्नात माह्यं पयलं बाळंतपन सासरीच झालं. तिसऱ्या दिवशी मी जात्यावर बसली. पुढं काय झालं ते पोटुशी पोरीले लिहू नये. पन तवापासून मले वाटते, की बाईले ते सव्वा महिना तरी कोनी उठ म्हनू नये.

म्हून तू ये. माह्यं तोंड पाहू वाटत नसन तर मी भावाकडं मेहकरले जातो, चार महिने राहीन. तुह्या आत्याले ये म्हटलं की ते येते, मी निरोप देल्ला. अळीव आनून ठेवले, डिंक हाय, तूप कढवलं हाय. घर तुह्यं हाय, मी तं काल आली. फक्त गुरुजीच्या हातचा चहा पिऊ नको, त्याहीले अजून पत्ती आदी की पानी आदी ते समजत नाई.

राग असू दे, पन येनं सोडू नको.

जनकाबाई

मलकापूर,
ता. २७ फेब्रुवारी १९६३

सौ. मावशींस सिंधूचा नमस्कार. वि. वि.

वर ‘मावशी’ लिहिलं, त्याआधी दोन आंतरदेशीय पत्रं वाया गेली. एकात नुसतं ‘यांस’ लिहिलं होतं. त्याच्या आधी काय लिहावं ते सुचेना. शाळामास्तराची मुलगी असून मायना जमेना, म्हणून सासूबाईंनी माझी चांगलीच थट्टा केली. तुमचं पत्र मी त्यांनाच वाचून दाखवत होते. जात्यापाशी आले आणि मला पुढं वाचता येईना. त्यांनी हातातून कागद घेतला, घडी घातली, आणि ह्यांना सांगितलं, की सातवा सरायच्या आत हिला पोचवून ये.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही नांदुऱ्याला उतरू. बाबांना घ्यायला पाठवा. ते चुकीच्या फलाटावर उभे राहतील, ते आम्ही शोधून काढू.

तुम्ही मेहकरला जायचं नाही. आत्या आली तर येऊ दे. ती दिवसभर बोलते आणि भाकरी करपवते. मला भीती वाटते, मावशी. हे मी इथं कोणालाच सांगितलेलं नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. बाबांवरचा माझा राग गेलेला नाही. आईचं सगळं मला त्यांच्याशी समोर बसून बोलायचं आहे, मोठ्यानं, भांडून. सासरी सुनेला तसं भांडता येत नाही. तेव्हा मी भांडेन आणि बाबा रडतील. त्या वेळी तुम्ही मध्ये पडू नका, आणि घर सोडून देवळातही जाऊ नका. तिथंच बसून राहा.

तुमची,
सिंधू